जपानला जायचे तर कर्ज कमी, भाषा जास्त

जपानमध्ये कामाला माणसे मिळत नाहीत. तिथली लोकसंख्या २००८ नंतर घटत चालली आहे, दर दहा माणसांमागे जवळपास तिघांनी पासष्टी ओलांडली आहे आणि २०२४ मध्ये जन्मलेल्या जपानी मुलांची संख्या सात लाखांच्याही खाली गेली. कारखाने, शेती, बांधकाम आणि वृद्धांची शुश्रूषा ही कामे बाहेरून माणसे आणल्याशिवाय निभणार नाहीत, हे तिथल्या सरकारनेही मान्य केले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यात भारतातून ५० हजार कुशल आणि होतकरू माणसे जपानला जातील असे उद्दिष्ट आहे. साहजिकच आयटीआय झालेला फिटर, वेल्डर, नर्सिंगचा कोर्स केलेली मुलगी, बारावीनंतर पुढे काय करावे या विचारात असलेला मुलगा, अशा सगळ्यांपर्यंत आता जपानच्या जाहिराती पोचत आहेत. जाहिरातीत महिन्याचा पगार मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि घरातली चर्चा त्याच आकड्याभोवती फिरते. पण 'प्रशिक्षणार्थी' म्हणून गेलेल्याची तिथली तीन वर्षे कशी जातील, हे त्या आकड्यावरून कळत नाही. बहुतेक वेळा ते विमानात बसण्याआधीच ठरून गेलेले असते, आणि ते दोन गोष्टींवर ठरते: अंगावर कर्ज किती आहे आणि जपानी भाषा किती येते. असे का, आणि म्हणून निघण्यापूर्वी काय करावे, हे या लेखात मांडायचे आहे.

योजनेची बांधणी समजून घ्या

आपल्याकडे 'टीआयटीपी' या नावाने ओळखली जाणारी तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना जपानने १९९३ मध्ये सुरू केली. विकसनशील देशांतल्या तरुणांनी जपानमध्ये काम शिकावे आणि ते कौशल्य मायदेशी न्यावे, असा तिचा जाहीर हेतू. भारताशी याबाबतचा करार ऑक्टोबर २०१७ मध्ये झाला आणि आपल्याकडे राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ, म्हणजे एनएसडीसी, या योजनेचे काम पाहते. साखळीत तीन दुवे असतात. भारतातली पाठवणारी संस्था तुम्हाला निवडते आणि शिकवते. जपानमधली देखरेख संस्था तुम्हाला उतरवून घेते, सुरुवातीचे वर्ग घेते आणि पुढे कंपनीवर लक्ष ठेवते. प्रत्यक्ष कामावर ठेवणारी आणि पगार देणारी कंपनी तिसरी. पहिले वर्ष संपताना लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्यावर आणखी दोन वर्षे मिळतात आणि सगळे नीट जुळून आले तर जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत राहता येते. कुटुंबाला सोबत नेता येत नाही.

या बांधणीतला सर्वांत महत्त्वाचा नियम जाहिरातीत नसतो: प्रशिक्षणार्थ्याला साधारणपणे कंपनी बदलता येत नाही. पुण्यातल्या कारखान्यात साहेबाशी पटले नाही, पगार वेळेवर झाला नाही, तर कामगार दुसरीकडे अर्ज टाकतो. नोकरी सोडता येते हीच त्याची खरी ताकद असते. प्रशिक्षणार्थ्याच्या हातात ही ताकद फार थोडी. छळ किंवा नियमभंग असेल तर कंपनी बदलण्याची वाट आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून तिचे नियम अधिक स्पष्टही झाले आहेत, पण त्यासाठी तक्रार करावी लागते, ती नीट मांडावी लागते आणि निकाल लागेपर्यंत टिकून राहावे लागते. याचा अर्थ असा की 'हे चालणार नाही' असे म्हणण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे त्याचे प्रशिक्षण बरे जाते, आणि ज्याच्याकडे ती नाही तो सगळे सर्वस्वी कंपनीच्या चांगुलपणावर सोपवतो. ही ऐपत कर्जाने कमी होते आणि भाषेने वाढते. लेखाचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

कर्ज काय करते

जपानच्या इमिग्रेशन खात्याने २०२२ मध्ये प्रशिक्षणार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. येण्यापूर्वी मायदेशी भरलेली रक्कम सरासरी पाच लाख येनच्या वर होती, आणि निम्म्याहून अधिक जणांनी येण्यासाठी कर्ज काढले होते. देशोदेशी फरकही मोठा होता. व्हिएतनामच्या तरुणांनी सर्वांत जास्त पैसे भरले होते, तर जिथे उमेदवाराकडून शुल्क घेण्यावर कडक बंधने आहेत त्या फिलिपिन्सच्या तरुणांनी सर्वांत कमी. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, ९,७५३ प्रशिक्षणार्थी कामाची जागा सोडून बेपत्ता झाले आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या व्हिएतनामच्या तरुणांची होती. तिथून आलेल्यांची एकूण संख्याच मोठी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही ज्याला परत जाता येत नाही कारण घरी देणेकरी बसले आहेत, आणि राहता येत नाही कारण कामाची जागा असह्य आहे, त्याच्यापुढे पळून जाण्याचाच रस्ता उरतो. पळाला की व्हिसा गेला, विमा गेला, आणि कायद्याचे संरक्षण मागायची हिंमतही गेली.

कुमामोतो प्रांतातल्या एका संत्राबागेत काम करणाऱ्या व्हिएतनामी मुलीचे प्रकरण जपानमध्ये खूप गाजले. गरोदर असल्याचे कळले तर परत पाठवतील या भीतीने तिने कोणाला काही सांगितले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये खोलीत एकटी असतानाच तिला मृत जुळी मुले झाली. तिच्यावर मृतदेह टाकून दिल्याचा खटला चालला आणि शेवटी मार्च २०२३ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. गरोदरपणामुळे कामावरून काढण्यास जपानच्या कायद्याने बंदी आहे आणि प्रशिक्षणार्थ्यांनाही हा कायदा लागू आहे. म्हणजे हक्क कागदावर होता. पण जिला घरी पैसे पाठवायचे आहेत आणि अंगावर कर्ज आहे, तिला तो हक्क मागून बघण्याचा धोका परवडत नाही. कर्जाचे खरे नुकसान व्याजात मोजू नये, ते या गप्प बसण्यात मोजावे.

यावर कोणी म्हणेल की बेपत्ता होणारे शंभरात दोनच असतात, बाकीचे नीट काम करून परततात. मग एवढे भय कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि आकड्यांत तथ्यही आहे. २०२४ अखेर जपानमध्ये साडेचार लाखांहून अधिक प्रशिक्षणार्थी होते आणि त्यांतले बहुतेक जण मुदत पुरी करतात. पण मुदत पुरी करणे आणि न्याय्य वागणूक मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ मध्ये जपानच्या कामगार निरीक्षकांनी प्रशिक्षणार्थी असलेल्या दहा हजारांहून अधिक ठिकाणी तपासणी केली आणि त्यांतल्या ७० टक्क्यांहून जास्त ठिकाणी कुठला ना कुठला नियमभंग सापडला. यंत्रांची सुरक्षा आणि जादा कामाचे पैसे यांबाबतचे नियमभंग त्यात वरच्या क्रमांकावर होते. निरीक्षक संशय असलेल्या ठिकाणीच अधिक जातात, त्यामुळे सगळ्याच कंपन्या अशा आहेत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पण नियम मोडणारी कंपनी आपल्या वाट्याला येणारच नाही असे गृहीत धरून घर गहाण ठेवणे त्याहून मोठी चूक आहे.

पगाराचा हिशेब स्वतः मांडा

किमान वेतन जपानमध्ये प्रांतागणिक ठरते. २०२५ मध्ये देशाची सरासरी ताशी १,१२१ येन झाली. टोकियोत ते १,२२६ येन आहे आणि सर्वांत कमी असलेल्या प्रांतांत १,०२३. प्रशिक्षणार्थी बहुधा लहान शहरांत किंवा खेड्यांकडे जातात, म्हणून हिशेबाला ताशी १,०५० येन धरू. दिवसाला आठ तास आणि महिन्याला २१ दिवस धरले तर १,७६,४०० येन होतात. जाहिरातीत हाच आकडा दिसतो. पुढचे वाचायला पगाराची पावती हातात घ्यावी लागते. जपानी पावतीचे तीन भाग असतात: वर हजेरी, म्हणजे कामाचे दिवस, तास आणि जादा तास, मग कंपनीने दिलेल्या रकमा, आणि शेवटी कपात. कपातीत आरोग्य विम्याचे सुमारे पाच टक्के आणि पेन्शनचे ९.१५ टक्के जातात, शिवाय थोडा बेरोजगारी विमा आणि प्राप्तिकर. सगळे मिळून २८ ते ३० हजार येन. खोलीभाडे, वीज आणि गॅस यांचे ३० ते ३५ हजार बहुधा पगारातूनच वळते होतात. जेवणखाण, फोन आणि बारीकसारीक खर्च काटकसरीने ४० हजार धरले तर हाती ७० हजार येनच्या आसपास उरतात. दुसऱ्या वर्षी आदल्या वर्षाच्या उत्पन्नावरचा स्थानिक कर सुरू होतो आणि त्याच कामाच्या त्याच पगारात महिन्याला काही हजार येन कमी हाती येतात. हे ठाऊक नसले की दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये कंपनीने फसवले असे वाटू लागते.

७० हजार येन म्हणजे एका येनला ५७ पैसे भाव धरला तर ४० हजार रुपये. २०२० मध्ये येनचा भाव ७० पैशांच्या जवळ होता आणि २०२४ मध्ये तो ५५ पैशांच्या आसपास आला. म्हणजे तिथे तेवढेच काम करून घरी पोचणारे रुपये पाचव्या हिश्श्याने घटले. हा भाव तुमच्या हातात नाही. हातात आहे ते कर्ज. समजा प्रशिक्षण, शुल्क आणि इतर खर्चासाठी तीन लाख रुपये शेकडा दोनच्या सावकारी व्याजाने काढले. व्याजच महिन्याला सहा हजार. दरमहा २५ हजार रुपये फेडीला पाठवले तरी कर्ज फिटायला १४ महिने लागतात. इथे भाषा शिकण्याच्या सहा-आठ महिन्यांत कमाई नसताना चढलेले व्याज यात धरलेले नाही. शिवाय जपानमध्ये उतरल्यावर पहिले एक-दोन महिने वर्ग चालतात. त्या काळात पगार नसतो, निर्वाहभत्ता असतो. म्हणजे नव्या देशात, नव्या कामावर, ज्या काळात माणूस सर्वांत जास्त अडचणीत असतो, नेमका तोच काळ कर्जाच्या सर्वांत मोठ्या ओझ्याचा असतो. म्हणून मर्यादा आधीच आखून घ्यावी: एकूण कर्ज पहिल्या चार-पाच महिन्यांच्या शिलकीतून फिटेल एवढेच असावे आणि ते बँकेचे असावे.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावे

पहिली गोष्ट, संस्था मान्यताप्राप्त आहे का ते पाहा. या योजनेखाली माणसे पाठवू शकणाऱ्या भारतीय संस्थांची यादी एनएसडीसीकडे असते आणि जपानमध्ये या योजनेवर देखरेख करणाऱ्या ओटीआयटी या सरकारी संस्थेकडेही असते. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि त्याचा परवाना क्रमांक 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. अशा एजंटाला उमेदवाराकडून कमाल ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. भाषा आणि कौशल्य प्रशिक्षणाची फी वेगळी असू शकते, पण ती कशाची, किती महिन्यांची, आणि निवड झाली नाही तर किती परत मिळणार, हे लेखी मागा. गावातला ओळखीचा माणूस मध्ये असेल तर त्याच्या हाती रोख देऊ नका. रक्कम संस्थेच्या खात्यावर भरा आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या. पावती द्यायला जो कुचराई करतो तो पुढे अडचणीच्या वेळी फोनही उचलणार नाही, असे समजून चाला.

दुसरी गोष्ट म्हणजे करार. कामाच्या अटींचा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाला पाहिजे. त्यात ताशी दर, कामाचे तास, सुट्ट्या, खोलीचे भाडे, कपातीच्या रकमा आणि कामाचा नेमका प्रकार असतो. हा शेवटचा मुद्दा घाईत दुर्लक्षिला जातो. प्रशिक्षणाच्या मंजूर आराखड्यात वेल्डिंग असताना वर्षभर माल उचलायला लावणे नियमाविरुद्ध आहे, पण कागदावर काय लिहिले आहे हे माहीत नसेल तर ते ओळखणार कसे? मध्येच परतलास तर अमुक लाख भरावे लागतील असे कलम, अनामत रक्कम, घराच्या कागदांचे तारण, पासपोर्ट कंपनीकडे ठेवण्याची अट, या सगळ्यांना जपानच्या कायद्याने बंदी आहे. मुदत संपल्यावरचा परतीचा विमानखर्चही प्रशिक्षणार्थ्याच्या माथी मारता येत नाही. यातले एकही कलम समोर आले तर सहीचे पेन बाजूला ठेवावे आणि ती संस्था सोडावी. 'सगळेच असे करतात' हे उत्तर ऐकून घेऊ नये.

'हातात पैसा नाही म्हणूनच तर परदेशी जायचे; कर्ज काढू नका म्हणणे म्हणजे गरिबाला घरी बसा म्हणणे नव्हे का?' हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. गरीब घरातला मुलगा खर्च टाळू शकत नाही हे खरे. पण तो खर्चाचा क्रम बदलू शकतो. सगळे पैसे एकदम मोजून निवासी प्रशिक्षणाला जाण्याऐवजी भाषेची पहिली पायरी गावाजवळ, नोकरी सांभाळत, थोड्या पैशांत चढता येते. पहिली पायरी चढून आलेल्या उमेदवाराला पुढचे निवासी प्रशिक्षण कमी महिन्यांचे लागते आणि निवडीच्या मुलाखतीत तो उठून दिसतो. शिवाय उमेदवाराकडून फार थोडे पैसे घेणाऱ्या संस्थाही असतात, कारण जपानमधल्या कंपन्यांना माणसांची गरज आहे आणि काही कंपन्या खर्चाचा भार स्वतः उचलतात. त्यांच्याकडे निवड कडक असते आणि तिथे पोचण्याचे साधन पुन्हा भाषाच असते. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी आहे त्याला भाषेची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

भाषा: तिथे गेल्यावर येईलच, या भ्रमात राहू नका

'तिथे गेल्यावर येईलच' हे वाक्य गावोगाव ऐकू येते आणि ते जवळपास नेहमी खोटे ठरते. दिवसाचे आठ-दहा तास उभ्याने काम, खोलीत दोन-तीन भारतीय किंवा नेपाळी सोबती, रात्री फोनवर घरच्यांशी मराठी. यात जपानी कानावर पडते, तोंडात बसत नाही. ज्याचा पाया इथे पक्का झालेला असतो त्याला तिथला प्रत्येक दिवस काही शिकवतो. पाया नसेल तर तोच दिवस नुसता गोंगाट होऊन जातो. कामाच्या ठिकाणी याचा थेट परिणाम होतो. प्रेसमशीनवर काम करणाऱ्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की संरक्षक जाळी उचलून आत हात घालू नकोस, अडकलेला तुकडा काढायचा असेल तर आधी मशीन बंद कर आणि मला हाक मार. ही तीन वाक्ये आहेत. समजले नाही तरी आपल्या सवयीने मान डोलावून 'हाय', म्हणजे जपानीत 'हो', म्हटले, तर शिकवणारा समजतो की याला कळले. हात जातो तो या 'हाय' मुळे. समजले नाही हे त्याच भाषेत सांगता येणे, पुन्हा एकदा दाखवा म्हणता येणे, हे जपानी येण्याचे पहिले आणि सर्वांत उपयोगी माप आहे.

नेमके किती शिकावे? शुश्रूषेच्या कामासाठी येतानाच जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-४ पातळी (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड) मागितली जाते, कारण तिथे माणसाशी बोलायचे असते. इतर कामांना कायद्याने एवढे लागत नसले तरी प्रत्येकाने एन-४ हेच उद्दिष्ट ठेवावे. साधारण दीड हजार शब्द आणि तीनशे कांजी अक्षरे एवढा हा आवाका आहे. रोज दोन तास प्रामाणिकपणे दिले तर वर्षभरात तो गाठता येतो. महाराष्ट्राला यात सोय आहे: पुणे हे जपानी शिकण्याचे भारतातले जुने आणि मोठे केंद्र आहे आणि जुलै व डिसेंबरमध्ये होणारी जेएलपीटी पुण्यात आणि मुंबईत देता येते. मराठी माणसाला एक नैसर्गिक फायदाही आहे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि 'ला', 'ने', 'त' यांसारखे प्रत्यय नामानंतर लागतात. वाक्याची घडण मराठीसारखीच असल्याने इंग्रजीला घाबरणारा मुलगाही जपानीत भराभर वाक्ये जुळवू लागतो. इंग्रजी आले नाही म्हणून परदेश आपल्यासाठी नाही असे समजणाऱ्या मुलांना हे मुद्दाम सांगितले पाहिजे. अवघड जातात ती कांजी अक्षरे, आणि त्यांना रोज लिहून काढण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

भाषेचा दुसरा लाभ तीन वर्षांनंतर दिसतो. दुसरा टप्पा, म्हणजे परीक्षेनंतरची दोन वर्षे, चांगल्या रीतीने पुरा करणाऱ्याला त्याच क्षेत्रात 'विशिष्ट कुशल कामगार' हा दर्जा परीक्षेविना मिळू शकतो. हा दर्जा जपानने २०१९ मध्ये सुरू केला. त्यात पाच वर्षे राहता येते, कंपनी बदलता येते, आणि पुढच्या वरच्या पातळीवर कुटुंबही नेता येते. ज्याची भाषा एन-३ पर्यंत पोचली आहे तो या टप्प्यावर पगाराची बोलणी स्वतः करतो. ज्याची पोचली नाही तो पुन्हा मध्यस्थ शोधतो. जो परत येतो त्यालाही चाकण किंवा वाळूजच्या जपानी कंपन्यांत नुसत्या कामापेक्षा कामासह भाषेची किंमत जास्त मिळते.

२०२७ पर्यंत थांबावे का?

जपानने जून २०२४ मध्ये कायदा करून ही योजनाच बदलायचे ठरवले. १ एप्रिल २०२७ पासून 'इकुसेई शूरो' नावाची नवी पद्धत येईल. कौशल्य मायदेशी नेण्याची भाषा त्यात नाही. तीन वर्षांत परदेशी माणसाला कुशल कामगार बनवून जपानमध्ये टिकवणे हा उघड हेतू आहे. काही अटी पाळून एक-दोन वर्षांनंतर त्याच क्षेत्रात कंपनी बदलता येईल. मायदेशी भरायचे शुल्क कमाल दोन महिन्यांच्या पगाराइतके असेल. कामावर रुजू होताना प्राथमिक जपानी, साधारण एन-५ पातळीचे, अपेक्षित आहे. मग आत्ता जाण्यापेक्षा थांबणेच बरे, असे कोणालाही वाटेल. ज्यांची भाषेची तयारी नाही त्यांनी खरोखरच थांबावे आणि तो काळ अभ्यासाला द्यावा. ज्यांची तयारी आहे, खर्च मर्यादेत आहे आणि कंपनीची माहिती हातात आहे, त्यांनी केवळ नव्या कायद्याच्या आशेवर वर्ष दवडण्याचे कारण नाही. आधी गेलेल्यांना आपला ठरलेला काळ पुरा करता येणार आहे.

मात्र नव्या कायद्याने सगळे प्रश्न सुटतील या समजुतीत राहू नये. दोन महिन्यांच्या पगाराची मर्यादा म्हणजे आपल्या वरच्या हिशेबाने सुमारे दोन लाख रुपये. ती कमाल मर्यादा आहे. पाठवणाऱ्या संस्था तिलाच ठरलेला दर मानू लागण्याचा धोका आहे. कंपनी बदलण्याची सोयही भाषेची आणि कौशल्याची परीक्षा पास झालेल्यालाच मिळेल. म्हणजे कायदा बदलला तरी मूळ हिशेब तोच राहतो: बदलण्याचा हक्क भाषा येणाऱ्याच्या उपयोगाचा आणि कर्ज नसणाऱ्याला परवडणारा.

तिथे गेल्यावर

सुरुवातीच्या वर्गांनंतर कामावर रुजू झालात की जपानचा कामगार कायदा तुम्हाला जपानी माणसाइतकाच लागू होतो. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४० तासांपुढचे काम झाले तर २५ टक्के जादा, रात्री दहा ते पहाटे पाचच्या कामाला आणखी २५ टक्के, साप्ताहिक सुट्टीच्या कामाला ३५ टक्के जादा मिळाले पाहिजेत. सहा महिने नीट हजेरी लावल्यावर दहा दिवसांची पगारी रजा मिळते. हे पदरात पाडून घ्यायचे तर एका लहान वहीत रोज कामावर आल्याची आणि निघाल्याची वेळ लिहून ठेवा आणि महिनाअखेरीस पावतीतल्या हजेरीशी ताडून पाहा. तक्रार करायची वेळ आलीच तर रोजच्या रोज भरलेल्या अशा वहीचा पुराव्याला मोठा आधार होतो. निवासपत्र कायम जवळ असू द्या, पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवा आणि दोन्हींचे फोटो घरी पाठवून ठेवा.

अडचण आली तर आधी देखरेख संस्थेकडे जा. तिला किमान तीन महिन्यांतून एकदा कंपनीची तपासणी करावी लागते. ती कंपनीच्याच बाजूने बोलते आहे असे वाटले तर ओटीआयटीकडे परदेशी भाषांत तक्रार नोंदवण्याची सोय आहे, त्यात इंग्रजीही आहे. पगार आणि तासांच्या तक्रारीला स्थानिक कामगार निरीक्षण कार्यालय आहे. कोणत्याही कामगाराला एकट्याने सभासद होता येईल अशा कामगार संघटनाही जपानमध्ये आहेत. भारतीय दूतावास टोकियोत आणि वाणिज्य दूतावास ओसाकात आहे. हे सगळे पत्ते आणि क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घ्यावेत, कारण अडचणीत सापडलेल्या माणसाला शोधाशोध सुचत नाही. परतताना पेन्शनचे पैसे सोडून येऊ नका. किमान सहा महिने वर्गणी भरली असेल तर जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी परतावा मिळतो. त्यातून कापला जाणारा २०.४२ टक्के कर परत मिळवण्यासाठी निघण्यापूर्वी जपानमधल्या एखाद्या विश्वासू माणसाला करप्रतिनिधी नेमावे लागते. हा परतावा घेतला की ती वर्षे पुढच्या पेन्शनसाठी मोजली जात नाहीत, म्हणून पुन्हा जपानला जायचा विचार असेल तर घाई करू नये.

घरच्यांसाठीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलगा किंवा मुलगी जपानला गेली की गावात पत वाढते आणि मागण्याही वाढतात: बहिणीचे लग्न, ट्रॅक्टरचा हप्ता, घराचा स्लॅब. कर्ज फिटले तरी घरून रोज नवा आकडा येत राहिला, तर मूळ अडचण तशीच राहते; फक्त देणेकरी बदलतो. निघण्यापूर्वी एकत्र बसून महिन्याला किती पाठवायचे ते ठरवा. पहिले सहा महिने कर्जाच्या हप्त्याशिवाय काहीच न पाठवण्याची मोकळीक द्या. आणि काम असह्य झाले तर परत ये, घर उघडे आहे, हे वाक्य आई-वडिलांनी स्पष्ट शब्दांत उच्चारावे. ते ऐकलेला मुलगा साहेबासमोर ताठ मानेने उभा राहतो, आणि बहुतेक वेळा त्याला परत यावे लागत नाही.

जपानला जाऊ नका, असा या लेखाचा सूर नाही. शिस्तीत काम करण्याची सवय, यंत्राची निगा, दुसऱ्या देशात स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा आत्मविश्वास आणि चार पैशांची बचत, हे सगळे तिथे मिळू शकते. फक्त निर्णय एजंटाने सांगितलेल्या तारखेवर घेऊ नये. सगळा खर्च एका कागदावर लेखी आहे का, तो पहिल्या चार-पाच महिन्यांच्या शिलकीतून फिटेल का, कराराचा प्रत्येक मुद्दा समजला आहे का, आणि 'मला कळले नाही, पुन्हा दाखवा' हे जपानीत न अडखळता म्हणता येते का, हे चार प्रश्न स्वतःला विचारा. चारही उत्तरे होकारार्थी असतील तर निर्धास्त निघा. एकही नकारार्थी असेल तर सहा महिने थांबा आणि ते उत्तर बदलायला लागा. जपानची माणसांची गरज सहा महिन्यांत संपणारी नाही. अपुऱ्या तयारीने गेलात तर मात्र तीन वर्षे भोगावी लागतील.